वेगवेगळ्या रिव्ह्यूंमधले लेन्स शार्पनेसचे आकडे एकमेकांशी लावून बघता येतात का?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे पुढे वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. दोन ३५ एमएम एफ १.४ लेन्समधून एक घ्यायचीये. पहिलीला एका रिव्ह्यूत सेंटरला ३१०० मिळालेत, दुसरीला वेगळ्याच रिव्ह्यूत ४०००, तिसऱ्या रिव्ह्यूत पहिलीच लेन्स ७८ लाइन पेअर प्रति मिलिमीटर दाखवली आहे, आणि कॉर्नरबद्दल तर सरळ उलटी मतं आहेत, एक म्हणतो पहिली भारी, दुसरा म्हणतो दुसरी. मग यात खरं कोण सांगतंय?

सगळेच खरं सांगत असतील ही शक्यता भरपूर आहे. बरीच वर्षं लेन्स तपासायचं काम करतोय आणि हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच, म्हणून यावेळी नीट सविस्तर लिहितो. मुद्दा एवढाच आहे की रिव्ह्यूत छापलेला आकडा एकट्या लेन्सचा नसतोच. लेन्स, तिच्यामागचा सेन्सर, फाइल उघडणारं सॉफ्टवेअर, तपासणीचा चार्ट किती अंतरावर होता, फोकस कुठे केला आणि हातात आलेली ती एक कॉपी (त्या मॉडेलचा एक नग), या सगळ्यांचा मिळून तो आकडा असतो. यातली एक गोष्ट बदलली की आकडा बदलतो, लेन्स तीच असली तरी.

आधी आकडा कसला आहे ते बघू. बहुतेक रिव्ह्यू एमटीएफ५० देतात. काळ्यापांढऱ्या रेघा जितक्या बारीक होतील तितका फोटोतला त्यांचा कॉन्ट्रास्ट कमी होत जातो, आणि ज्या बारकाईला तो निम्म्यावर येतो ती बारकाई म्हणजे एमटीएफ५०. मोजतात ती रेघांवरून नाही तर चार्टवरच्या किंचित तिरक्या कडेवरून, इमाटेस्टसारखं सॉफ्टवेअर त्या कडेचा उतार बघून सगळा हिशोब काढतं, आयएसओ १२२३३ मध्ये ही पद्धत दिलेली आहे. इथपर्यंत सगळे सारखेच. मग कोणी ते लाइन विड्थ प्रति पिक्चर हाइट मध्ये (फोटोच्या उंचीत किती रेघा मावतात, तुमचे ३१०० आणि ४००० असेच आहेत) छापतं, कोणी लाइन पेअर प्रति मिलिमीटर मध्ये, कोणी सायकल प्रति पिक्सेल मध्ये. डीएक्सओमार्क ही तपासणी करणारी साइट तर त्यांचं स्वतःचं परसेप्च्युअल मेगापिक्सेल देतं, ते या कशातच थेट बदलता येत नाही, त्यामुळे ते बाजूलाच ठेवा.

बाकीच्यांचं रूपांतर सोपं आहे. एका लाइन पेअरमध्ये दोन लाइन विड्थ (एक काळी, एक पांढरी रेघ) असतात आणि फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर, म्हणजे लाइन पेअरला ४८ ने गुणलं की पिक्चर हाइटवाला आकडा मिळतो. तुमचे ७८ म्हणजे साधारण ३७४०. एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सर असेल तर उंची १५.६ च्या आसपास, कॅननच्या एपीएस-सीला १४.९, म्हणजे तिथे ४८ ऐवजी ३१ किंवा ३० ने गुणायचं. हे न बघता लोक एपीएस-सीचे आणि फुल फ्रेमचे आकडे शेजारी ठेवतात आणि मग तिथेच सगळं चुकतं.

आता युनिट एक केलं तरी काम झालं असं नाही, कारण पहिल्या लेन्सचे ३१०० आणि ३७४० असे दोन आकडे आपल्याकडे आले, लेन्स तीच. इथे कॅमेऱ्याची बॉडी बघायची. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर उंचीला ४००० पिक्सेल असतात, म्हणजे त्यावर नीट दाखवता येण्याची हद्द ४००० लाइन विड्थ, ४५ मेगापिक्सेलच्या निकॉन डी८५० वर ही हद्द ५५०४, आणि ६१ मेगापिक्सेलच्या सोनी ए७आर ४ वर ६३३६. तुमचे ३१०० जर २४ मेगापिक्सेलवरचे असतील तर ते हद्दीच्या ७७ टक्के झाले, आणि दुसऱ्या लेन्सचे ४००० जर ६१ वरचे असतील तर फक्त ६३ टक्के. याचा अर्थ पहिली लेन्स जास्त चांगली असाही होत नाही बरं का, हद्दीच्या किती टक्के हा सुद्धा न्याय्य हिशोब नाही, कारण पिक्सेल बारीक झाले की हद्दीच्या जवळ जाणं सगळ्याच लेन्सना अवघड होत जातं.

एक उदाहरण आकड्यानिशी करून बघा. समजा एखाद्या लेन्सचा स्वतःचा कॉन्ट्रास्ट ६० लाइन पेअरला ७० टक्के आहे. सेन्सरचा पिक्सेल पण स्वतः थोडा कॉन्ट्रास्ट खातो, कारण पिक्सेल म्हणजे बिंदू नाही, त्याला रुंदी आहे आणि त्या रुंदीभरचा प्रकाश तो एकत्र करतो. ६ मायक्रॉनच्या पिक्सेलला, म्हणजे २४ मेगापिक्सेल फुल फ्रेमला, ६० लाइन पेअरवर पिक्सेलचा हिस्सा येतो साधारण ८० टक्के. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलला, म्हणजे ६१ मेगापिक्सेलला, तोच येतो ९२ टक्के. दोन्हींचा गुणाकार करायचा असतो, म्हणजे पहिल्या बॉडीवर ७० चे झाले ५६ टक्के आणि दुसऱ्या बॉडीवर ६४ टक्के. लेन्स तीच, कॉपी तीच, काहीही बदललेलं नाही आणि तरी एवढा फरक, आणि यात लो पास फिल्टर (सेन्सरसमोरचा, चित्र किंचित मऊ करणारा) धरलेलाच नाही, तो असेल तर पहिला आकडा अजून खाली जाईल. मी हे तुमच्या आकड्यांवर पण लावून पाहिलं, २४ वरचे ३१०० आणि ६१ वरचे ४०००, पिक्सेलचा हिस्सा काढून टाकला तर हे दोन्ही जवळपास एकाच दर्जाच्या लेन्सचे असू शकतात. म्हणजे ९०० चा जो फरक बघून तुम्ही दुसरीकडे झुकला होतात तो सगळा बॉडीचा निघू शकतो.

पुढची भानगड शार्पनिंगची. काही जण रॉ फाइल शार्पनिंग पूर्ण बंद करून मोजतात, काही जण रॉ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरचं, म्हणजे कन्व्हर्टरचं डिफॉल्ट तसंच ठेवतात, काही जण थेट कॅमेऱ्याची जेपीईजी घेतात. शार्पनिंगने कडेचा उतार कृत्रिमरीत्या उभा होतो आणि एमटीएफ५० भरपूर वर जातो, थोडंथोडकं नाही, एखादा सामान्य झूम वर उचलून प्राइमच्या (झूम न होणाऱ्या लेन्सच्या) शेजारी नेऊन बसवण्याइतका. आणि रिव्ह्यूत हे स्पष्ट लिहिलेलं असेलच असं नाही.

पण हे पकडायची एक युक्ती आहे आणि ती मी कायम वापरतो. एफ १६ चा आकडा बघा. एफ १६ ला डिफ्रॅक्शन (लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं) इतकं असतं की लेन्स कितीही परिपूर्ण असली तरी हिरव्या प्रकाशात तिचा एमटीएफ५० साधारण ४६ लाइन पेअरच्या वर जाऊच शकत नाही, हा प्रकाशाचा नियम आहे, कंपनीच्या हातात काही नाही. ४६ म्हणजे फुल फ्रेमवर २२००. त्यात पिक्सेलचा हिस्सा धरला की २४ मेगापिक्सेलवर २००० च्या आसपास आणि ६१ वर २१०० च्या आसपास. आता एखाद्या रिव्ह्यूत फुल फ्रेमवर एफ १६ ला सेंटरमध्ये २७००-२८०० दिसत असतील तर तिथे शार्पनिंग चालू आहे हे समजून घ्यायचं, मग ते काही का लिहीत असेनात.

आणि याच गोष्टीचा दुसरा उपयोग तर अजून चांगला. एफ १६ ला सेंटरमध्ये बहुतेक सगळ्या बऱ्या लेन्स जवळजवळ सारख्याच होतात, कारण तिथे लेन्सचे दोष मागे पडतात आणि डिफ्रॅक्शनच सगळं ठरवतं. म्हणजे दोन रिव्ह्यूंचे एफ १६ सेंटरचे आकडे शेजारी ठेवले की त्या दोन सेटअपमधला फरक लेन्सचा अडथळा न होता दिसतो. एकाकडे १९५० आणि दुसऱ्याकडे २५०० असेल तर दुसऱ्याचा सगळा तक्ताच वर सरकलेला आहे हे कळतं. मात्र हे प्रमाण जसंच्या तसं एफ २.८ च्या आकड्याला लावू नका, कारण शार्पनिंग आणि पिक्सेल यांचा परिणाम बारकाईप्रमाणे बदलत जातो, दिशा आणि साधारण अंदाज मिळतो तेवढा घ्यायचा. तुमच्या दोन्ही रिव्ह्यूंमध्ये एफ १६ पर्यंत मोजलेलं असेल तर पहिलं काम हेच करा.

याहून भरवशाची गोष्ट म्हणजे दोन्ही रिव्ह्यूंनी त्याच बॉडीवर मोजलेली एखादी तिसरी, सामाईक लेन्स शोधायची. साधी जुनी ५० एमएम एफ १.८ सुद्धा चालते. मग पहिल्या रिव्ह्यूत तुमची पहिली लेन्स त्या ५० च्या किती पट आहे आणि दुसऱ्या रिव्ह्यूत दुसरी लेन्स त्याच ५० च्या किती पट आहे हे एकाच अ‍ॅपर्चरला काढायचं आणि ती दोन प्रमाणं शेजारी ठेवायची. नुसते आकडे लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं, फक्त बॉडी मध्येच बदललेली नाही ना ते बघा, कारण बऱ्याच साइट्स काही वर्षांनी बॉडी बदलतात आणि जुने आकडे तसेच त्याच यादीत राहतात. लेन्सटिपसारख्या साइटवर कुठल्या बॉडीवर मोजलं ते दिलेलं असतं, ते आधी वाचायचं आणि मगच ग्राफ उघडायचा.

आता कॉर्नर, कारण तुमचा खरा गोंधळ तिथे आहे आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्षही तिथेच निघतात.

पहिली गोष्ट, कॉर्नर म्हणजे कुठे? फुल फ्रेमचं टोक सेंटरपासून २१.६ मिलिमीटरवर असतं. कोणी अगदी टोकाजवळ मोजतं, कोणी १८ मिलिमीटरवर मोजून त्यालाच कॉर्नर म्हणतं, आणि ३५ एमएम एफ १.४ सारख्या लेन्समध्ये त्या तीन साडेतीन मिलिमीटरमध्येच कॉन्ट्रास्ट धाडकन पडू शकतो. शिवाय कोणी चारही कॉर्नरची सरासरी देतं, कोणी सगळ्यात चांगला कॉर्नर देतं, कोणी एकच कॉर्नर मोजतं. त्यातही आडव्या कडेवरून मोजलं की उभ्या कडेवरून यानेही फरक पडतो, कारण कॉर्नरला अ‍ॅस्टिग्मॅटिझम असेल तर एका दिशेच्या रेघा ठीक येतात आणि दुसऱ्या दिशेच्या पसरतात.

दुसरी गोष्ट फील्ड कर्व्हेचर. चार्ट सपाट असतो, लेन्सचं फोकसचं प्रतल सपाट असेलच असं नाही, बऱ्याच मोठ्या अ‍ॅपर्चरच्या वाइड लेन्समध्ये ते वाकलेलं असतं. एका रिव्ह्यूअरने सेंटरला फोकस करून त्याच फ्रेममधून कॉर्नर मोजला तर त्याला कॉर्नर मऊ दिसणार, दुसऱ्याने कॉर्नरला वेगळा फोकस करून वेगळी फ्रेम घेतली तर त्याला तोच कॉर्नर चांगला दिसणार. दोघांचंही मोजमाप बरोबर आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतायत. सपाट भिंत किंवा कागदपत्रं शूट करणाऱ्याला पहिलं उत्तर कामाचं, आणि ज्याचा विषय कधीच सपाट नसतो त्याला दुसरं. तुमच्या दोन रिव्ह्यूंचं कॉर्नरबद्दल जे उलटं मत आहे ना, त्याचं पहिलं संशयित कारण मला हेच वाटतं. दोघांचं टेस्ट कसं करतो ते पान शोधा आणि फोकस कुठे केला ते वाचा.

तिसरं, अंतर. दीड मीटर रुंद चार्ट फ्रेममध्ये पूर्ण बसवायला ३५ एमएम लेन्स साधारण दीड मीटरवर आणावी लागते, १४ एमएम असेल तर ६० सेंटीमीटरच्याही आत. म्हणजे चार्टवरचा आकडा हा जवळच्या अंतराचा आकडा असतो आणि लेन्स मात्र बऱ्याचदा लांबच्या अंतरासाठी जास्त चांगली बसवलेली असते. लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्सचे रॉजर सिकाला यांनी जे मोजमाप प्रसिद्ध केलं ते ऑप्टिकल बेंचवरचं, तिथे लेन्स अनंतावर फोकस केलेली असते आणि मागे कॅमेरा नसतोच. त्यामुळे एखादी वाइड लेन्स चार्टवर सुमार आणि बेंचवर उत्तम निघाली तर त्यात काही विरोध नाही. तुम्ही लँडस्केप करणार असाल तर मी बेंचच्या बाजूने जाईन, आणि टेबलावरच्या वस्तू जवळून घेणार असाल तर चार्टच्या.

वाइड लेन्सच्या बाबतीत अजून एक. डिस्टॉर्शन, म्हणजे सरळ रेघा वाकड्या येणं, सॉफ्टवेअरने सरळ केलं की कॉर्नर ताणले जातात आणि ताणल्यावर शार्पनेस पडतो. मायक्रो फोर थर्ड्समध्ये (अजून लहान सेन्सरचे कॅमेरे) आणि आता बऱ्याच मिररलेस लेन्समध्ये हे करेक्शन रॉ कन्व्हर्टर आपणहून लावतो. एकाने करेक्शन चालू ठेवून मोजलं आणि दुसऱ्याने बंद करून, तर कॉर्नरचे आकडे जुळायचेच नाहीत. तुम्ही फोटो कसे वापरणार तसं मोजलेलं घ्या, बहुतेकांसाठी ते करेक्शन चालू असलेलंच असतं.

आणि कॉपीचा विषय. बहुतेक रिव्ह्यू एकाच कॉपीवर असतात. तयार होताना आतलं एखादं काचेचं एलिमेंट जरासं सरकलेलं किंवा कललेलं राहिलं की एक बाजू किंवा एक कॉर्नर मऊ होतो, सेंटरला फारसं काही कळतही नाही. लेन्सरेंटल्सकडे एकाच मॉडेलच्या साधारण दहा दहा कॉपी मोजून त्यांचा पसारा दाखवायची पद्धत होती आणि ते ग्राफ बघितले की लक्षात येतं, विशेषतः झूमच्या लांबच्या टोकाला कॉपी-कॉपीतला फरक कधीकधी दोन वेगळ्या मॉडेलमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. म्हणून रिव्ह्यूत फुल साइज सॅम्पल असतील तर ते उतरवून चारही कॉर्नर स्वतः बघा. डावीकडचे दोन चांगले आणि उजवीकडचे दोन वाईट दिसले तर त्या रिव्ह्यूचा कॉर्नरचा आकडा त्या मॉडेलबद्दल काहीच सांगत नाही, तो फक्त त्या कॉपीबद्दल सांगतो. मी अशा वेळी त्या रिव्ह्यूचा सेंटरचा आकडा ठेवतो आणि कॉर्नर सोडून देतो.

कंपन्यांचे एमटीएफ ग्राफ यात मिसळू नका. ते एमटीएफ५० नसतात, ठराविक बारकाईला सेंटरपासून कडेपर्यंत कॉन्ट्रास्ट किती राहतो ते दाखवतात, कॅनन आणि निकॉन १० आणि ३० लाइन पेअरला, मायक्रो फोर थर्ड्सवाले ऑलिम्पस (आता ओएम सिस्टम) २० आणि ६० ला. बरेच ग्राफ डिझाइनवरून हिशोब करून काढलेले असतात, झाइस मात्र प्रत्यक्ष मोजलेले देतं. सिग्मा डिफ्रॅक्शन धरून आणि न धरून असे दोन्ही ग्राफ देतं, त्यातला डिफ्रॅक्शनवाला बघा. एकाच कंपनीच्या दोन लेन्समध्ये तुलना करायला हे ग्राफ चांगले, त्यापलीकडे नाही.

एकच एकूण स्कोअर देणारे रिव्ह्यू मी तुलनेसाठी बघतच नाही. डीएक्सओमार्कचा लेन्स स्कोअर १५० लक्स प्रकाश आणि १/६० सेकंद शटर धरून काढलेला असतो, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणाऱ्या लेन्सला त्यात आपोआप वर जायला मिळतं. त्या कामासाठी तो स्कोअर ठीक आहे, पण एफ ८ ला ट्रायपॉडवर कोणती शार्प हे त्यातून कळणार नाही.

मग रिव्ह्यूंमधून घ्यायचं काय, तर ग्राफचा आकार. एकाच रिव्ह्यूच्या आत, एकाच बॉडीवर, लेन्स वाइड ओपनपासून (अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं) कशी वर चढते, एफ २ ला किती आणि एफ २.८ ला किती, कुठल्या स्टॉपला सगळ्यात वर जाते, कॉर्नर सेंटरच्या किती मागे आहेत आणि अ‍ॅपर्चर बंद करत गेल्यावर ते अंतर भरून निघतं का. हा आकार बॉडी बदलली तरी बराचसा टिकतो. तीन रिव्ह्यूंमध्ये आकडे वेगळे आणि आकार सारखा दिसला तर ती माहिती पक्की धरा. आकारच वेगळा दिसला तर कोणाच्यातरी फोकसचा किंवा कॉपीचा प्रश्न आहे. एफ १.४ लेन्समध्ये फोकस शिफ्टही असू शकतो, म्हणजे वाइड ओपनला फोकस करून एफ २.८ ला बंद केलं की फोकस मागे सरकतो, कॅननची जुनी ईएफ ५० एमएम एफ १.२ एल यासाठी प्रसिद्ध आहे. अशी लेन्स दर स्टॉपला नव्याने फोकस न करता मोजली तर ग्राफला मध्येच खड्डा पडतो.

आणि फरक किती मोठा आहे ते पण बघा. एकाच सेटअपवर एमटीएफ५० मध्ये दहा टक्क्यांच्या आतला फरक असेल तर तो मी तुलनेत धरत नाही, नेहमीच्या फोटोत तो डोळ्याला दिसत नाही आणि फोकस जरासा हलला तरी तेवढा फरक पडतो.

तुमच्या बाबतीत सांगायचं तर सेंटरवरून निर्णय घेऊ नका, दोन्ही लेन्स तिथे सारख्याच निघू शकतात. दोन्ही रिव्ह्यूंचे एफ १६ आकडे आणि फोकसची पद्धत बघा, मग दोन्ही लेन्स एकाच बॉडीवर मोजणारा एखादा तिसरा रिव्ह्यू शोधा, तो सापडला तर आकडे थेट लावता येतील आणि बाकी सगळा खटाटोप करावा लागणार नाही.

लेन्स हातात आली की परत करायच्या मुदतीच्या आत हे एवढं करून बघा. ट्रायपॉड, बऱ्यापैकी लांब असलेली बारीक डिटेलची एखादी गोष्ट, स्टॅबिलायझेशन बंद, वाइड ओपन. ती गोष्ट एकेका कॉर्नरला आणून दरवेळी तिथेच लाइव्ह व्ह्यू मोठा करून फोकस करायचा आणि चारही फ्रेम १०० टक्क्यांवर शेजारी ठेवायच्या. वेगळा फोकस करूनही एक कॉर्नर मऊच राहिला तर कॉपी डिसेंटर्ड आहे, म्हणजे आतलं एलिमेंट सरकलेलं आहे, परत करा. वेगळ्या फोकसने चारही शार्प येतात पण एकाच फ्रेममध्ये एक बाजू मऊ राहते, असं असेल तर कुठेतरी तिरकेपणा आहे, आणि तो लेन्समध्ये आहे की बॉडीच्या माउंटमध्ये हे कळण्यासाठी त्याच बॉडीवर दुसरी लेन्स लावून तीच बाजू परत तपासा.